शेर आणि शेरा

तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. रिह्याच्या खोऱ्यात माझ्या एकाही गोष्टीवर आजवर कोणी ठेवलेला नाही, तेव्हा पहिलेपणाचा मान तुम्ही घ्यावा असा माझा आग्रह नाही. पण सप्टेंबर संपता संपता, भर दुपारी, माझ्याच भातगिरणीत, सरकारनं मला विचारलं, की हैबतराव, तुमचा खुलासा काय? सरकार स्वतः आलं नव्हतं, ते कुठं येतं. त्याच्या कायद्याच्या पायी जुईली नावाची सीए मुलगी जवळच्या चांदे गावाहून स्कूटरवर आली होती. मूळची परभणीकडची, नवरा हिंजवडीत कामाला, आणि ही आमच्यासारख्यांचे हिशेब तपासत हिंडणारी. ओला रेनकोट तिनं दाराच्या कडीला टांगला, पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप मांडला, चष्मा पुसला, आणि भात सडायचा हलर बंद केल्यावर गिरणीत जी एक पोकळी पसरते, कानांना भूक लागल्यासारखी, तिच्यात तिनं तो शब्द टाकला. "आजोबा, आंबेमोहोरात चार-साडेचार क्विंटलची तूट येतीय. ह्याचा खुलासा काय?"

खुलासा. तुम्हाला त्यात काही वाटायचं नाही. मला मात्र पोटऱ्यांपासून वर काहीतरी सरसरत आलं, लहानपणी बैलगाडीच्या साटीत उताणं पडल्यावर उतारावर यायचं तसं. मला लोकांनी आयुष्यभर काय काय विचारलं आहे. मास्तरांनी विचारलं, कार्ट्या, खोटं बोलताना लाज वाटत नाही का? बायकोनं, तुळजाबाईनं, विचारलं, आता पुरे करता का, पाहुणे जेवायचे खोळंबलेत. टपरीवर पोरं विचारतात, आबा, आजची थाप किती हात लांब? खुलासा कोणी मागितला नव्हता. खुलासा मागायचा तर समोरच्याला आधी धरून चालावं लागतं की या म्हाताऱ्याकडे सांगण्यासारखं काही खरं असेल. मी गळ्याचं बटण लावलं. "अन् मी खुलासा दिला तर तुमी त्याचं काय करनार?" "लिहिणार." "कुटं?" तिनं पडदा माझ्याकडे वळवला आणि इंग्रजीवर बोट ठेवत मराठीत वाचून दाखवलं, की आम्हाला मिळालेल्या माहितीनुसार आणि आम्हाला दिलेल्या खुलाशांनुसार, सोबतच्या फॉर्मातला तपशील खरा आणि बरोबर आहे. मी म्हणालो, शेवटचं परत वाचा. तिनं परत वाचलं. खरा आणि बरोबर. बाहेर रिमझिम थांबली होती, खाचरांतला भात निसवायला लागला होता, आणि त्या फुलोऱ्याचा वास, गरम दुधावरच्या सायीसारखा, दारातून आत येत होता. मला वाटलं तो त्या दोन शब्दांचाच येतोय. माझ्या बोलण्याच्या खाली एका शिकलेल्या माणसाची सही, आणि सहीच्या वर लिहिलेलं, खरा आणि बरोबर. सत्तरी उलटल्यावर माणसाला असं काही मिळतं यावर माझाच विश्वास बसेना.

हे टॅक्स ऑडिट आमच्या दाराशी पहिल्यांदाच आलं होतं. गिरणी माझ्या नावावर, चालवतात ती पोरं: शैलेश, माझा मुलगा, मशीन आणि भाताची खरेदी बघतो, सायली, माझी सून, विक्री. तिनंच तांदळाच्या पिशव्या शिवून घेतल्या, वर इंद्रायणी, आंबेमोहोर अशी नावं छापली, हिंजवडीच्या इमारतींत फोनवरून माल पोचवायला लागली, आणि बघता बघता उलाढाल फुगली. जुईलीनं मला समजावून सांगितलं, आणि मी ते एखादी परीकथा ऐकावी तसं ऐकलं. धंद्याची वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की हिशेब सीएकडून तपासून घ्यायचे आणि तिनं तो रिपोर्ट मुदतीच्या आत सरकारकडे चढवायचा. "येणं आणि देणं, दोन्हीकडची रोख शंभरात पाचाच्या आत असती ना आजोबा, तर दहा कोटींपर्यंत तुम्हाला माझं तोंड बघावं लागलं नसतं." मी म्हणालो, "तुमचं तोंड चांगलं हाय की. अन् भात घालायला आलेल्या शेतकऱ्याला मी काय मोबाईल दाखवू? त्यो नोट उजेडाला धरून बघतो, मग वळकतो मला." ती हसली. म्हणाली, शेतकऱ्याला त्याच्या पिकाचे रोख दिलेत त्याला कायदा काही म्हणत नाही. पण मोटर भरून घेतली त्या मिस्त्रीला एकाच दिवशी दहा हजारांच्या वर रोख दिलेत, तो खर्च मात्र मी उचलून बाजूला ठेवला. काय बारीक नजर! आणि फॉर्ममधले ते प्रश्न. हिशेबाच्या वह्या कुठल्या ठेवता, कुठल्या पत्त्यावर ठेवता. शिलकी मालाची किंमत कशी धरता. वीस हजार किंवा त्यावरचं उसनं कोणाकडून रोखीत घेतलं का, घेतलं तर कोणाकडून, फेडलं तर कसं. मला वाटलं, कोणी लांबचा चौकस पाहुणा ओसरीवर येऊन टेकलाय, पाणीसुद्धा न पिता विचारतोय, आणि माझ्या प्रत्येक उत्तरावर मान डोलावतोय. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं. एकच होतं, की या पाहुण्याला भात घातला किती, तांदूळ निघाला किती, कणी किती, कोंडा किती, विकला किती, उरला किती, हेही वाणवार हवं होतं. इंद्रायणीचं गणित बसलं. आंबेमोहोराचं बसेना.

आणि बसेना म्हणताच हलरपाशी बसलेल्या शैलेशनं पान्हा खाली ठेवला. त्याच्या ठेवण्यातच मला कळलं की हा काहीतरी बोलणार आहे. तो हळू बोलला, ओरडला असता तर बरं. "मॅडम, खुलासा मी देतो. हिच्या भावाची मेस हाय कासार आंबोलीत. रोज दोन पातेली भात लागतो तितं. मी काय आंधळा न्हाई." सायली पोत्यांना चिठ्ठ्या बांधत होती. तिच्या हातातला दोरा तसाच राहिला. "तोंड सांभाळून बोला," ती म्हणाली. "भावाला एक मूठ दिली आसंल तर हात झडू दे माझा. मी वानवळा दिलाय. आबांच्या नावानं दिलाय. आळीत इचारा." शैलेश म्हणाला, "इचारलं. सकाळी तूट कळली तवाच घर न् घर इचारलं. कोन व्हय म्हनत न्हाई." जुईलीनं चष्मा काढून परत घातला. म्हणाली, "मेसला गेला असेल तर ती बिलाशिवायची विक्री होते, आणि वाटला असेल तर वाटप. दोन्ही वेगळं. मला कुठलं तरी एक कळलं पाहिजे. उद्या मला रिपोर्ट चढवायचाय. नाहीतर तूट दाखवून खाली शेरा लिहावा लागेल, की समाधानकारक खुलासा मिळाला नाही." सायलीनं दोरा तोडला. कमरेच्या चाव्या काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवल्या, हळूच, जसं तान्हं मूल ठेवावं. "आबा, शेरा पडला तर ह्या तुमच्यापाशीच ठेवा. चोर म्हनून मी हितं पाय टाकायची न्हाई."

चाव्या गरम होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि मला आठवत होती ती खाट. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी गिरणीच्या पायरीवरून घसरलो आणि मांडीचं हाड मोडून दोन-अडीच महिने पडून होतो, कोठाराला लागून असलेल्या खोलीत. पडलेल्या माणसाचे डोळे बिनकामाचे होतात आणि कान जागे होतात. भिंतीपलीकडे कोणी तांदूळ मापतंय, हे मला त्या कानांनी कळायचं. विकायचा तांदूळ मापताना शेर राशीत घुसतो, खस्स, आणि वरून हात फिरतो, सर्रर्र, म्हणजे माप सपाट. पण मार्गशीर्षातल्या त्या सकाळी खस्स ऐकू यायचं आणि मग काही नाही. हात फिरतच नव्हता. माप शिगोशीग भरलं जात होतं, वर डोंगरासारखी शीग ठेवून. असं माप फक्त वानवळ्याचं. नवं पीक निघालं की विकायच्या आधी घरोघर त्यातलं पोचवायचं, उत्तमातलं पोचवायचं, आणि मापाला हात लावायचा नाही. तुळजाबाईनं हे उभा जन्म केलं. घरटी चार शेर. ती गेल्यावर मी करत होतो, दर घरी एक गोष्ट सांगत, त्यामुळे मला दिवस पुरायचे नाहीत. आणि मी पडलो त्या वर्षी शैलेशनं जाहीर केलं होतं, की आता आपला तांदूळ पिशवीतून जातो, त्याला भाव आहे, हे वाटावाटीचं बंद. मी भिंतीकडे तोंड करून होय म्हणालो होतो. आणि दुसऱ्याच आठवड्यात, शैलेश भाताच्या खरेदीला गेला की, खस्स. खस्स. खिडकीतून मला सायली दिसायची, डोक्यावर टोपली, वरच्या आळीची पाऊलवाट चढताना. कासार आंबोलीची सडक तिच्या पाठीला असायची. येताना टोपली रिकामी नसायची. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही ही आमच्याकडची रीत, तेव्हा कोणी वालाच्या शेंगा घातलेल्या, कोणी लिंबं, कोणी तांबडा भोपळा. मग दुपारी ताटात त्या त्या घराची चव यायची. मी झोपल्याचं सोंग करायचो, आणि जेवताना मनातल्या मनात म्हणायचो, आज वरच्या आळीचं शेवटचं घर झालं. शैलेशनंही त्याच शेंगा खाल्ल्या. खाल्ल्या आणि बोटं चाटली.

हे सगळं मी जुईलीला सांगितलं. जसंच्या तसं, एक अक्षर न वाढवता. आणि सांगता सांगता मला माझा आवाज ऐकू आला आणि अंगावर काटा आला, कारण तो आवाज भलत्याच माणसाचा होता. थाप मारताना माझा आवाज बेंबीपासून येतो, गोल, खणखणीत. खरं सांगायला लागलो की तो घशात अडखळतो, शब्द मागेपुढे होतात, मी मध्येच नाक पुसतो. हा रोग जुना आहे. पूर्वी एकदा मी हिंजवडीकडे गिरणीचा पट्टा आणायला गेलो होतो. तिथं तिकाटण्यावर दुर्बीण ठेवून कोट घातलेली माणसं माळ मोजत होती, आणि एकानं दुसऱ्याला गुंठ्याचा भाव सांगितला तो माझ्या या कानांनी ऐकला. परत येऊन मी टपरीवर सांगितलं, की गड्यांनो, चांद्या-नांद्याच्या माळाला सोन्याचा भाव येतोय, घाई करू नका. लोक इतके हसले की एकाच्या नाकातून चहा आला. सर्वांत जास्त हसला भिवाजी, माझ्या बरोबरीचा, चांद्यात त्याचा उताराचा तुकडा होता. महिन्याभरात त्यानं तो एका बैलजोडीच्या किमतीला देऊन टाकला. पुढं माझं म्हणणं खरं ठरलं तेव्हा तो आला, ओट्यावर बसला, बराच वेळ तंबाखू मळत राहिला, आणि म्हणाला, "हैबती, खरं व्हतं तर खऱ्यावानी सांगायचंस की." एवढंच. खऱ्यावानी म्हणजे कसं? मी आरशासमोर उभं राहून बघितलं आहे. भुवई कुठं ठेवायची, हाताचं काय करायचं. मला येत नाही ते. आणि आता तेच तोंड, तोच घसा, आणि मांडीवर सुनेच्या चाव्या.

जुईलीनं मात्र मन लावून ऐकलं. वानवळा म्हणताच तिचे डोळे चमकले. "आमच्याकडं वानोळा म्हणतात. आई अजून पाठवती, एसटीनं, तुरीच्या डाळीचा." क्षणभर मला वाटलं, झालं. पण तिनं मान हलवली. "आजोबा, माझा विश्वास आहे हो. पण तुम्ही घरचे, ह्या घरच्या, हे घरचे. ज्यांना तांदूळ पोचला त्यांच्यातलं एक तरी माणूस होय म्हणू दे मला. कागद नको, सही नको, नुसतं समोर येऊन होय म्हणू दे. मग मी ते वाटप म्हणून लिहीन, तूट म्हणून लिहिणार नाही. त्याचं करात जे व्हायचं ते होईल, पण तो खुलासा असेल." इतकं सोपं! नुसतं होय! साठ-सत्तर घरांतून एक होय! आणि ते एक मिळत नव्हतं, याचं कारण ऐकलंत तर तेही तुम्ही थापच समजाल. सकाळी टपरीवर चहा पिताना जुईलीनं फोनवर कोणाला तरी सांगितलं होतं, की रिह्याच्या गिरणीला शेरा मारावा लागेल बहुतेक. टपरीवाल्यानं शेरा न ऐकता शेर ऐकला, आणि पुढच्या माणसापर्यंत जाईतो ते असं झालं, की इन्कम टॅक्सची बाई आलीय, ज्यानं ज्यानं शेरानं तांदूळ घेतला त्याच्या नावापुढे शेरा मारणार, आणि ज्याच्या नावापुढे शेरा त्याला नोटीस. अर्ध्या आळीनं जमीन विकलेली, अर्ध्यांनी खोल्या भाड्यानं दिलेल्या; नोटीस म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मी काठी टेकत आळीत जाऊन सांगून आलो, की बाबांनो, शेरा म्हणजे नुसता अभिप्राय, चार ओळी, तुमच्या नावाशी त्याचा संबंध नाही, आणि ती बाई सरकारची नव्हे, आपलीच आहे. कोणी विश्वास ठेवला नाही. मी सांगितलं म्हणूनच ठेवला नाही. जुईली स्वतः गेली तर दारं लागली.

आता गंमत बघा. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटत होतीच, चाव्यांच्या वजनाइतकी. पण तिच्या खालून ते सरसरणं थांबत नव्हतं. आळीतून परत येऊन मी पोत्यांच्या उबेत पाठ टेकून बसलो होतो, वरच्या काचेतून ऊन उतरलं होतं आणि त्यात कोंड्याची धूळ हलकेच वर-खाली होत होती, आणि माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, की माझं खरं तपासायला आजवर कोणी जागचं उठलं नाही, आणि माझी थाप पकडायला मात्र माणसं जेवणावरून उठून आली आहेत. एकदा लग्नाच्या पंगतीत मी म्हणालो होतो, की याच नवरदेवाच्या आज्याला मी मगरीच्या तोंडातून ओढून काढलं, तर खुद्द आजा, ऐंशीचा, दोन वर्षं खाटेवरून न उठलेला, काठी घेऊन मांडवात आला होता मला खोटं पाडायला. काय चालत आला होता तो! त्या आठवणीनं माझ्या ओठांच्या कडा हलल्या असाव्यात, कारण शैलेश म्हणाला, "आबा, हसताय काय? हितं घर मोडायची येळ आली." आणि तेवढ्यात दारात गंगूबाई उभी राहिली.

गंगूबाई वरच्या आळीतली, माझ्याहून थोडी मोठी, गावच्या नात्यानं वैनी. म्हशीसाठी कोंडा न्यायला आली होती, हातात रिकामं पोतं. म्हशीची भूक नोटिशीपेक्षा मोठी, म्हणून आली. पण उंबऱ्याच्या आत एकच पाय. जुईली उठून उभी राहिली आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "आजी, हिवाळ्यात तुमच्याकडं यांच्याकडून तांदूळ आला होता का हो?" गंगूबाई भिंतीकडे बघत म्हणाली, "कसला तांदूळ? मला न्हाई बाय ठावं. माझं नाव लिवू नगंस कुटं." सायलीनं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि गंगूबाईनं पदर ओढून घेतला, तोंड आणखी वळवलं, आणि पोतं उघडून कोंडा भरायला वाकली. वाईट बाई नव्हे ती. भ्यालेली बाई.

मी घसा साफ केला. बेंबीत हात घालून आवाज शोधावा तसा शोधला, आणि तो होता, जागेवर होता, गोल आणि खणखणीत. "बाईसाहेब," मी जुईलीला म्हणालो, "आता खरा खुलासा ऐका. सूनबाईला मधी घिऊ नका. तांदूळ मी वाटला. म्या सोता." शैलेशनं कपाळाला हात लावला. "आबा, तुमी खाटंवर..." "गप," मी म्हणालो, "तुला काय ठावं? तू खरेदीला गेलास की मी उटायचो. मांडी मोडलेली, ती पंच्यानं आवळून बांधली. डोस्क्यावर चार पायल्यांचं टोपलं. अन् निगालो वरच्या आळीला. आता वढा आडवा आला. वढ्याला पूर, ह्यो छातीइतका, लाल पानी, झाडं वाहत आल्याली. मी म्हनलं, माघारी फिरलो तर गंगूवैनी काय खाईल?"

कोंडा भरणारे हात थांबले. फक्त थांबले, ती वळली नाही. पण मानेची एक शीर मला दिसली, ताणलेली. अंगात नुसतं वारं शिरलं माझ्या. त्या शिरेपुढे मला गिरणी दिसेना, लॅपटॉप दिसेना. तोंडातून शब्द निघत होते आणि मी त्यांच्या मागून धावत होतो, कुठं नेतायत ते बघत. "पान्यात उतरलो. मधोमध गेलो तर पाठीमागं खसखस. वळून बघतोय तर बिबट्या. पट्ट्यापट्ट्यांचा..." "बिबट्याला ठिपके असत्यात, आबा," सायली नकळत म्हणाली. "ह्याला पट्टं व्हतं," मी म्हणालो, "भिजल्यामुळं ठिपके वघळले न् पट्टं झालं. त्यो बी पल्याड निगाल्याला. मी म्हनलं, चल बाबा संगतीनं. मूठभर तांदूळ दिला त्याला. त्यानं हुंगला न् मान वळिवली, अन् मला म्हनला..." "बिबट्या बोलला?" जुईलीनं विचारलं. तिची बोटं कळफलकावर तशीच अधांतरी होती. "बोलला न्हाई, पर चेहऱ्यावर दिसलं, की आंबेमोहोर हाय, पर कणी मिसळल्याली दिसतीया."

गंगूबाईच्या तोंडून एक आवाज निघाला, उकळत्या भातावरचं झाकण उडावं तसा. सायलीनं दिलेल्या अख्ख्या तांदळाला कणी म्हणणं तिला झेपत नव्हतं, मला दिसत होतं. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि आत काहीतरी धडका मारत होतं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. जुईलीकडे बघत, हात पसरून, मी आणखी एक पायरी चढलो. "तर आसा मी पोचलो वैनीच्या दारात. वैनी दारातच हुबी, रडतीया, म्हनली, हैबती, तीन दीस चूल न्हाई पेटली. मी तांदूळ मापला. चार शेर, वरनं हात फिरवून, एकदम सपाट, शीग म्हनून दिली न्हाई, आपन कशापायी जादा द्यायचं? वैनीनं लगोलग भात टाकला. म्हनली, जेवल्याबिगार जाऊ नगंस. आता काय सांगू बाईसाहेब तुमाला, आसला तांदूळ, रांधला तर गल्लीच्या टोकापातूर वास जावा. अन् वैनीनं काय केलं? करपिवला! तळाला ह्यो एवढा कोळसा. बिबट्यानं बी त्वांड फिरिवलं. मी आपला लाजंकाजं दोन घास..."

कोंड्याचं पोतं धप्पकन जमिनीवर आलं. धुळीचा एक मोठा लोट उठला, उन्हात सोनेरी झाला, आणि त्या लोटातून गंगूबाई बाहेर आली, पदर खोचलेला, बोट माझ्या नाकासमोर.

"खोटं!" ती ओरडली. "सपशेल खोटं! मार्गशीर्षात वढ्याला पूर येतोय व्हय रं? अन् तू कुटनं येतोस, तू तर तंगडी मोडून खाटंवर पडला व्हतास! सायली आलती माझ्याकडं, ही, ही समोर हुबी हाय ती! डोस्क्यावर टोपलं घिऊन आलती, चार शेर वतलं तिनं माझ्या सुपात, शिगोशीग, एक दाना मोडका न्हाई, अन् म्हनली, आबांनी धाडलंय. समद्या आळीला वाटलं तिनं! जा, इचार जा कुनालाबी, बघते कोन न्हाई म्हनतंय ते! अन् माझा भात कवा करपला रं मेल्या? सांग की ह्या बाईला, कवा करपला?"